जुनी मारुती थांबल्यावर थरथरते? व्हॅक्यूम बघताना या चुका टाळा

साताऱ्यात पोवई नाक्यावर गाडी उभी केली की स्टेअरिंग थरथरतं, आरशातलं चित्र हलतं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन बंद. कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्रणेची) मारुती ८०० किंवा ओम्नी ज्यांनी सांभाळून ठेवली आहे, त्यांना हे सांगायला नको. अशी गाडी गॅरेजला नेली की पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हर कार्बोरेटरला लागतो. स्लो, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग, वाढवतात, गाडी बंद पडायची थांबते. दोष मात्र आत तसाच राहतो आणि वर पेट्रोल जास्त जायला लागतं.

सगळ्यात मोठी चूक हीच. कारण सापडेपर्यंत कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नका, लावू देऊ नका.

आमच्या ८००चे प्लग बदलले, कार्बोरेटरचं किट टाकलं, दोनदा ट्यूनिंग केलं. थरथर काही जाईना. शेवटी मी व्हॅक्यूम, म्हणजे इंजिन हवा आत ओढतं ती ओढ, मोजणारा काट्याचा गेज आणून एकेक रबरी पाईप कापड गुंडाळलेल्या पकडीने दाबत गेलो. इनटेक मॅनिफोल्डवरून (कार्बोरेटरमधलं मिश्रण सिलिंडरांत नेणाऱ्या नळकांड्यावरून) निघणारा एक पाईप दाबला आणि काटा झटकन वर गेला, इंजिनाचा आवाजही गोल झाला. वरून बघितलं तर पाईप ठणठणीत दिसत होता. क्लिप सरकवून वाकवल्यावर कळलं, क्लिपखालीच त्याला नखाएवढी चीर पडली होती. पाईप सरळ असताना ती मिटायची, इंजिन हललं की उघडायची. वीतभर पाईप बदलला, काम झालं.

म्हणून पाईप नुसते डोळ्यांनी तपासू नका. वाकवून बघा, टोकं बघा. कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग आणि मॅनिफोल्डचा जोड तपासायला इंजेक्शनच्या सिरिंजने पाण्याचे चार थेंब सोडा. आवाज बदलला की हवा तिथून शिरते आहे. काही जण पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर ते उडालं तर भडका होईल, तेव्हा तो मोह नकोच.

गेज लावतानाही चुका होतात. काही नळ्या कार्बोरेटरच्या थ्रॉटल पाकळीच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) वरच्या बाजूने निघतात. तिथे स्लोवर व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच. गेज तिथे जोडला की काटा शून्याजवळ पडून राहतो आणि इंजिन गेलं असं वाटून माणूस घाबरतो. गेज थेट इनटेक मॅनिफोल्डवरच हवा. इंजिन पुरतं गरम होऊ द्या, चोक (थंड इंजिन चालू करताना ओढायची दांडी) पूर्ण आत आहे ना बघा (जुनी केबल अडकते आणि चोक अर्धवट ओढलेला राहतो), एसी आणि हेडलाइट बंद ठेवा.

आता आकडा. पुस्तकात धडधाकट इंजिनाचा व्हॅक्यूम स्लोवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे, गेजवर तेच असतात) दिलेला असतो, पण तो समुद्रसपाटीचा. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. सातारा सुमारे २,४०० फुटांवर आहे, त्यामुळे इथे १५ ते १८ इंच मिळाले तरी तक्रार करू नये. सांगली सुमारे १,८०० फुटांवर, तिथे थोडा जास्त दिसेल. महाबळेश्वर सुमारे ४,५०० फुटांवर, तिथे तीच गाडी आणखी खाली दाखवेल. हा हिशोब न करता चांगलं इंजिन उघडायला लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

काट्याची बारीक थरथरही दोष समजू नका. ७९६ सीसीचं हे इंजिन तीन सिलिंडरचं, त्यामुळे स्लोवर चार सिलिंडरपेक्षा ओढीचे झटके कमी आणि लांब असतात. दोष ओळखायचा तो काट्याच्या चालीवरून. काटा स्थिर पण दोन-तीन इंच खाली असेल तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. ठरावीक तालात खाली टपकत असेल तर एक सिलिंडर मिसिंग मारतो आहे, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही, किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. रेस वाढवून स्थिर धरल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर चोंदला आहे. काटा मोठ्या पल्ल्यात मागेपुढे झुलत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगचा) संशय घ्या.

मिसिंग कुठल्या सिलिंडरचं हे बघताना चालू इंजिनावर प्लगच्या वायरी हाताने उपटू नका, सणसणीत झटका बसतो. इंजिन बंद करून एक वायर काढा, तिचं टोक इंजिनाच्या बॉडीला नीट टेकवून ठेवा, मग थोडाच वेळ चालू करून ऐका. जी काढल्याने आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. प्लग आणि वायर बदलूनही तसंच असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकल्यावर कॉम्प्रेशन वाढलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, नाही वाढलं तर दोष व्हॉल्व्हचा. हेड उतरवायची गोष्ट त्यानंतरच.

ब्रेक बूस्टरची (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याची) गाडी असेल तर एक तपासणी कळकळीने सांगतो. इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा, घट्ट झालं की दाबूनच धरा आणि गाडी चालू करा. पेडल किंचित खाली जायला हवं. गेलं नाही, किंवा ब्रेक दाबताना सूं असा आवाज येऊन इंजिन डगमगलं, तर व्हॅक्यूम बूस्टरमध्ये किंवा त्याच्या पाईपात गळतो आहे. ते दुरुस्त होईपर्यंत ती गाडी यवतेश्वरच्या घाटात घालू नका.