प्लाझ्मा कटरचा ट्रिगर दाबण्याआधी

गॅस कटिंगवरून प्लाझ्मावर, म्हणजे विजेच्या आर्कनं (सलग ठिणगीनं) हवा प्रचंड तापवून तिच्या झोतानं धातू कापणाऱ्या मशीनवर, आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं, सुटलो! सिलिंडर नाही, बॅकफायरची (ज्वाला उलटी आत शिरण्याची) धास्ती नाही, ट्रिगर दाबला की पत्रा लोण्यासारखा कापला जातो. पण धोका वर्कशॉपमध्येच असतो, फक्त सिलिंडरमधून केबलमध्ये आलेला असतो. साधं आर्क वेल्डिंग मशीन नुसतं चालू असताना ६० ते ९० व्होल्ट देतं. प्लाझ्माचा हाच आकडा २०० ते ४०० च्या घरात असतो, तोही डीसी. इथे मी लिहितोय ते हातानं चालवायच्या, कंप्रेसरच्या हवेवरच्या लहान मशीनबद्दल.

१. आधी वीज बघा

उघड्या वायरी सॉकेटमध्ये घालून वर काडेपेटीच्या काड्या खोचायची सवय असेल, तर प्लाझ्मा घेऊच नका. व्यवस्थित प्लग, खरोखर चालणारं अर्थिंग आणि मशीनला पेलेल असा एमसीबी हवाच. पावसाळ्यात ओल्या कोब्यावर उभं राहून कापू नका. कोरडी रबरी मॅट किंवा लाकडी फळी घ्या. अर्थ क्लॅम्प (मशीनची परतीची वायर पत्र्याला जोडणारा चिमटा) लावायची जागा रंग-गंज घासून साफ करा, आणि क्लॅम्प मूळ प्लेटला लावा, कापून खाली पडणाऱ्या तुकड्याला नाही. केबल खांद्यावरून किंवा कमरेभोवती घेऊ नका. पेसमेकर बसवलेल्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय या मशीनजवळ येऊ नये.

२. जागा मोकळी करा

ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत जातात, फटीतून पलीकडच्या खोलीतही. थिनरचे डबे, पोती, भुसा, चिंध्या तेवढ्या अंतराबाहेर न्या. डीसीपी (कोरड्या पावडरचा) एक्स्टिंग्विशर आणि वाळूची बादली हाताशी ठेवा.

डिझेल-ऑइलचं रिकामं पिंप कापायला कुणी घेऊन आलं तर सरळ परत पाठवा. ‘धुतलंय साहेब’ म्हणतील. पिंप रिकामं असलं तरी आत वाफ असते, आणि स्फोट होतो तो त्या वाफेचा.

३. काय कापतोय ते ओळखा

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) धुरातलं क्रोमियम कॅन्सरला कारण ठरू शकतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो आधी काढून टाका. पत्रा क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटनं पुसला असेल तर आर्कच्या प्रकाशानं त्याच्या वाफेतून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो, म्हणून तो पूर्ण धुऊन, वाळवूनच घ्या. धूर जिथून निघतो तिथूनच ओढणारा एग्झॉस्ट आणि योग्य मास्क हवा. गूळ जरूर खा, चांगला असतो, पण त्यानं फुप्फुसातला धूर निघत नाही.

४. अंगावर काय हवं

जाड सुती कपडे, कॉलरचं बटण लावलेलं, पँट बुटाच्या वरून. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. कोरडे चामड्याचे हातमोजे, सेफ्टी शूज, कानात प्लग. खिशात लायटर नको.

डोळ्यांचं मात्र नीट समजून घ्या. ग्राइंडिंगचा पांढरा चष्मा इथे उपयोगाचा नाही. २० ते ४० अॅम्पियरला ५ नंबरची शेड (काचेच्या काळेपणाचा नंबर; जितका मोठा तितकी काळी), ४० ते ६० ला ६, ६० ते ८० ला ८. वेल्डिंगची ११ नंबरची काच लावली तर रेघ दिसत नाही, मग माणूस ती ‘जरा’ वर करतो आणि डोळे तेव्हाच भाजतात. त्रास लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुतेकदा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डॉक्टरांकडे जा. शेजारी पत्रा धरणाऱ्या हेल्परलाही तीच काच द्या.

५. कापताना

टॉर्च म्हणजे हातात धरायचा, ट्रिगरचा कापणारा भाग. पायलट आर्क (टॉर्चच्या टोकातच आधी पेटणारा छोटा आर्क) असलेली टॉर्च पत्र्याला न टेकताही पेटते, आणि तो आर्क हातमोज्यातून आरपार जाऊ शकतो. म्हणून ‘चालू होतंय का बघू’ म्हणून हवेत ट्रिगर दाबायचा नाही. दुसरा हात कापायच्या रेघेपासून लांब ठेवा. मधूनच भोक पाडायचं असेल तर टॉर्च थोडी तिरपी धरून सुरू करा, म्हणजे उसळणारा लोखंडाचा रस तोंडाकडे न येता बाजूला जाईल. आरपार गेलं की सरळ करा.

६. नोझल बदलताना

मला सगळ्यात जास्त भीती याच क्षणाची वाटते. घाई असते, टॉर्च हातात असते आणि ट्रिगर बोटाखाली. ट्रिगर सोडल्यावर काही सेकंद हवा येत राहते, ती थांबू द्या. मग मशीन बंद करा, प्लग काढा, टॉर्च निवू द्या आणि त्यानंतरच टॉर्चच्या टोकाचे झिजणारे भाग, म्हणजे बाहेरचा कप, नोझल आणि आतला इलेक्ट्रोड, खोला. कप नीट बसला नसेल तर मशीन चालू होऊ न देणारा सेफ्टी स्विच बऱ्याच टॉर्चमध्ये असतो. तो ‘सारखा त्रास देतो’ म्हणून शॉर्ट करून देणारे मिस्त्री भेटतात; त्यांना टॉर्चला हात लावू देऊ नका.

७. काम संपल्यावर

कापलेल्या तुकड्यावर खडूनं ‘गरम’ लिहा, कारण लोखंडाची लाली गेली तरी चटका बसतोच. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, जागेवर नजर ठेवा. चहाला सगळ्यांनी एकदम जायचं नाही, एकानं मागे थांबायचं.