पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी सरकारी सेवा मागायच्या, तर आधी एक वही घाला. अर्ज नंतर. पंधरा दिवस रोज तीन-चार ओळी लिहायच्या: कुठल्या कामात किती मदत लागली. 'आंघोळ करतो' एवढ्यानं भागत नाही. पाणी स्वतः घेतो, साबण हातात द्यावा लागतो, डोकं आई धुते, शर्टाची बटणं लागत नाहीत, असं लिहा. जेवणाचंही तसंच. कडक भाकरी मोडता येते की आमटीत कुस्करून द्यावी लागते? घास तोंडात किती वेळ राहतो, ठसका लागतो का? एवढं कशाला, असं वाटेल. पण दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरांसमोर आईवडीलच संकोचानं 'सगळं करतो की' म्हणून जातात आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी तिथंच घसरते. ४० टक्क्यांच्या खाली आलात की बहुतेक योजना हातच्या गेल्या.

या प्रमाणपत्राची नोंदणी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होते. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच ठेवा. रेशनकार्डावर 'व्यंकटेश' आणि आधारवर 'वेंकटेश' असेल तर आधी ते दुरुस्त करा. तपासणीला जाताना जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, जुने रिपोर्ट, शाळेचे कागद आणि ती वही बरोबर हवी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड बोलतात. बुद्ध्यांक चाचणीआधीच ते सांगा. मराठी सूचना कळली नाही म्हणून मूल गप्प बसलं, तर आकडा चुकतो आणि त्या आकड्यावर पुढची शाळा ठरते. लहान मुलांचं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं, म्हणून त्यावरची तारीख पाहून दोन-तीन महिने आधीच हालचाल सुरू करा.

थेरपीसाठी मात्र प्रमाणपत्राची वाट पाहू नका. मुलांना तपासून उपचाराला पाठवणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत कधी येणार, ते सेविकेला विचारा. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात.

आता अर्ज. एका अर्जात एकच मागणी. 'मुलाकडे लक्ष द्यावे' या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. 'पहिल्या बाकावर जागा द्यावी', 'शौचालयात नेण्यासाठी मदतनीस द्यावा' असं लिहा. शाळेला लिहिताना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ३१ नमूद करा: ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडे जाताना ५ टक्के दिव्यांग निधीतून (त्यांच्या उत्पन्नातला दिव्यांगांसाठी राखलेला वाटा) नेमकं काय हवं, तेही लिहा.

दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. 'साहेब मीटिंगला गेलेत' म्हणाले तरी आवक-जावकचं टेबल उघडं असतं. तिथंही घेतला नाही, तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती त्या प्रतीला टाचा. मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत, झेरॉक्सच द्यायची.

महिनाभर उत्तर नाही? माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. 'काम का झाले नाही' असं विचारलं की गोल उत्तर येतं. 'अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी' असं मागा. फाइल कुठल्या टेबलावर अडली, ते कळतं. ३० दिवसांत माहिती आली नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. हक्कच नाकारला असेल, तर तक्रार पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे.

मूल साडेसतरा वर्षांचं झालं की पालकत्वाचे कागद जमवा. १८ पूर्ण झाल्यावर कायद्यानं तुम्ही त्याचे पालक राहत नाही आणि बँकेत सहीवरून अडतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. अध्ययन अक्षमता त्यात येत नाही. न्यासाची निरामय ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही याच चौघांसाठी आहे; दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि ते विसरणारे पुष्कळ. पालक म्हणून नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. मुलाच्या नावावर फक्त पेन्शनचं खातं असलं, तरी.