जुनं आउटबोर्ड: दोरी ओढण्याआधी
हिडकल धरणाच्या पाण्यावर फिरलेलं जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, घरी दुरुस्त करताय? चालू करायला दोरी ओढायची घाई नको. आधी गिअरकेसचं, म्हणजे खालच्या गिअरच्या पेटीचं, ऑइल काढा. दुधाळ निघालं तर सील गेलंय, पाणी शिरतंय. मग इंजिन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक. पडून राहिला की त्याच्या पाकळ्या वाकलेल्याच कडक होतात. दिसायला बरा असला तरी बदलाच. एखादी पाकळी तुटलेली असेल तर तिचा तुकडा शोधा, नाहीतर तो पाण्याची वाट अडवतो. गंजका बोल्ट तुटला तर ठोकाठोक नको. बेळगावात उद्यमबागेतले लेथवाले कशाला आहेत! चालू करताना होडी ढकलणारा पंखा (प्रोपेलर) काढून खालचा भाग पिंपातल्या पाण्यात बुडवा. कोरडं चालवलं तर नवा इंपेलरही पटकन जळतो. इंजिनातून पाण्याची धार बाहेर पडली नाही, तर लगेच बंद.