जुना कॅसेटवाला व्हिडिओ गेम परत लावायचाय? आधी टीव्ही बघा

माळ्यावरचा व्हिडिओ गेम खाली काढा, पुसा, वायर जोडा, झाला मारिओ सुरू. एवढं सांगून सगळ्यांचे सल्ले संपतात, आणि मग दोन दिवसांत तोच माणूस म्हणतो, "लहानपणी मजा यायची बे, आता काय राहिलं नाय त्यात." मला हे ऐकलं की राग येतो. मी घरातले, पाहुण्यांचे, मित्रांचे धरून व्हिडिओ गेमचे वीसेक सेट परत चालू करून दिलेत आणि सांगतो, गेममधली मजा कुठं गेलेली नसते, तुम्ही तो चुकीच्या टीव्हीला लावलेला असतो.

सोपं ते आधी उरकू. अ‍ॅडॅप्टर सेटच्या खाली लिहिलेल्या व्होल्टचाच घ्या आणि पिनेचं प्लस-मायनस जुळवून घ्या, उलटं लावलं तर सेट जातो. हातातल्या रिमोटचं बटण दबत नसेल तर स्क्रू खोलून आतलं रबर पुसा.

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली आणि गेम चालूही झाला, पण तो कॅसेट काढून परत दाबून बसवल्यामुळं, पिना नव्यानं घासल्या म्हणून. फुंकरीतली थुंकी कॅसेटच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांवर बसते आणि त्या काळ्या पडत जातात. आमच्या सोलापुरात नवी पेठेत कुठल्याही मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडं आयपीए, म्हणजे सफाईचं अल्कोहोल, असतं, कान साफ करायच्या काडीला थोडंसं लावून दोन्ही बाजूच्या तीस-तीस पट्ट्या पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. खोडरबर अगदी शेवटचा उपाय, वरचा मुलामा निघतो त्यानं.

आता टीव्ही. इथं माझं जवळजवळ वर्ष गेलं.

हॉलमधल्या मोठ्या एलईडीला पिवळी-लाल-पांढरी वायर लावली, चित्र छान आलं, आणि पहिल्याच लेव्हलच्या खड्ड्यात मारिओ पडला. परत पडला. शाळेत असताना हा भाग मी गप्पा मारत पार करायचो. मला वाटलं सवय गेली असेल, मग वाटलं रिमोट खराब, म्हणून एकापाठोपाठ तीन रिमोट आणले, सेट खोलून सोल्डर तपासला, दुकानदारानं तर नवा सेटच गळ्यात मारला. काही फरक नाही. शेवटी होटगी रोडला मामाकडं तोच सेट त्यांच्या जुन्या, पिक्चर ट्यूबवाल्या डबा टीव्हीला लावला आणि बोटं आपोआप चालायला लागली, तेव्हा कळलं.

झालेलं असं की जुना डबा टीव्ही सिग्नल येईल तशी एकेक ओळ लगेच पडद्यावर काढतो, मध्ये कुठं थांबत नाही. एलईडी आधी पूर्ण चित्र स्वतःकडं साठवतो, गेमच्या २४० ओळींना जुन्या केबल टीव्हीवर दोन हप्त्यांत येणारं अर्धंअर्धं चित्र समजून जोडत बसतो, मग ते ताणून १०८० ओळींचं करतो, वर रंग सुधारतो, आणि मग दाखवतो. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेम, अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असा व्हिडिओ काढा, आणि बटण दबल्यापासून मारिओचे पाय सुटेपर्यंत फ्रेम मोजा. माझ्या डबा टीव्हीवर १० येतात, त्या एलईडीवर २९ आल्या. २९ म्हणजे साधारण १२० मिलिसेकंद, आणि जोरात पळणारा मारिओ तेवढ्यात जवळपास एक वीट पुढं गेलेला असतो. खड्ड्याच्या काठावर एक वीट म्हणजे गेलाच.

आणि या गेमचं सगळं बळच तिथं आहे हो. १९८५ चा सुपर मारिओ सगळा मिळून ४० केबीचा, आज मोबाईलमधला एक फोटो त्याच्या कितीतरी पट असतो. चित्र साधं, गोष्ट दोन ओळींची. पण बटण जितका वेळ दाबून ठेवाल तितकी उडी उंच, आणि ती त्याच क्षणी. चुकलो तर मी चुकलो हे हाताला कळतं, म्हणून परत खेळावंसं वाटतं. तो क्षण काढून घेतला तर उरतात नुसते चौकोन, मग पोरांना कंटाळा आला तर पोरांचा काय दोष? म्हणूनच "मोबाईलवर टाक की" हा सल्लाही मला पटत नाही, काचेवर बोटाला बटणाची कड लागत नाही.

तेव्हा डबा टीव्ही शोधा. भंगारवाल्याला सांगून ठेवा, मला ४०० रुपयांत २१ इंची मिळाला, पूर्व भागातल्या एका मित्राला तर शेजाऱ्यांनी घेऊन जा म्हणून फुकट दिला. घेताना पंधरा मिनिटं चालू ठेवून बघा. चालू करताना धप्प आवाज आला तर चालतंय, पण सारखं टक टक वाजत असेल तर सोडून द्या. पुढं "१०० हर्ट्झ" लिहिलेला घेऊ नका, तो डबा असला तरी आत एलईडीसारखंच चित्र साठवतो. आणि मागचं झाकण स्वतः खोलायचं नाही, बंद केल्यावरसुद्धा आत हजारो व्होल्ट राहतात, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये.

टीव्हीला एव्ही पिन, म्हणजे पिवळी-लाल-पांढरी वायर लागते ती, असेल तर तीच वापरा. फक्त अँटेनाचा सॉकेट असेल तर सेट आणि कॅसेट चालू ठेवून मगच ऑटो सर्च लावा, सेट बंद ठेवून सर्च केलं तर काय सापडणार? चित्र ब्लॅक अँड व्हाइट आलं तर कलर सिस्टिम ऑटोवर करा.

डबा मिळतच नसेल तर एलईडीवर गेम मोड चालू करा, चित्र गुळगुळीत करणारे बाकी सगळे पर्याय बंद करा, आणि ते स्वस्तातलं एव्ही टू एचडीएमआय खोकं आणू नका, बरीचशी स्वतःचा उशीर वर घालतात.

सगळं लागलं की गेमची खेळण्यातली बंदूक जोडा आणि बदकांचा गेम लावा. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड त्याच क्षणी शोधतो. एलईडीवर चौकोन उशिरा पोचतो म्हणून नेम कितीही धरा, बदक मरत नाही. डब्यावर पहिल्या गोळीला पडलं तर तुमचा टीव्ही बरोबर आहे, आता मारिओ लावा.