जुना टंड्रा की जुना टायटन? अमेरिकेत जपानी फुल-साइज पिकअप तपासून घेण्याची रीत

अमेरिकेत फुल-साइज पिकअप घ्यायचा, पण फोर्ड, शेव्हरोले-जीएमसी किंवा रॅमचा नको, असं ठरवलं की दोनच नावं उरतात: टोयोटा टंड्रा आणि निसान टायटन. त्यातला टायटन २०२४ च्या मॉडेलनंतर बंद झाला. होंडा रिजलाइन या यादीत धरू नका. तो मोनोकॉक बांधणीचा (म्हणजे खाली वेगळी फ्रेम नसलेला), मध्यम आकाराचा पिकअप आहे आणि ५,००० पौंडांपर्यंतच ओढतो.

नावं इतकी कमी असण्यामागे जुनं राजकारण आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जकात वाढवली म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आयात ट्रकवर २५ टक्के जकात लावली. ती १९६४ पासून लागू झाली आणि उठलीच नाही. टोयोटाचा टी-१०० पिकअप १९९२ च्या अखेरीपासून जपानहून यायचा तेव्हा ही जकात त्याच्या किमतीत बसलेली असे. शिवाय त्यात व्ही-८ इंजिन कधीच आलं नाही. १९९९ मध्ये इंडियानातल्या प्रिन्स्टनला टंड्रा बनू लागला. टायटन २००३ पासून मिसिसिपीतल्या कँटनमध्ये बनला, आणि २००६ च्या अखेरीस टोयोटाचा टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा कारखाना सुरू झाला. म्हणजे ‘जपानी’ हे नाव कंपनीचं, गाडी अमेरिकेतच घडलेली.

आता कामाचं. ‘टोयोटा आहे ना, मग डोळे मिटून घे’ हा पिकअपच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारा सल्ला आहे. टंड्राच्या प्रत्येक पिढीचं एकेक ठरलेलं दुखणं आहे आणि त्या दुखण्याचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. पिढी ओळखा (पहिली २००६ पर्यंत, दुसरी २००७ ते २०२१, तिसरी २०२२ पासून), तिचं दुखणं आधी तपासा, बाकीचं नंतर.

गाडी बघण्याआधी वजनाचा हिशेब

बहुतेक जण जाहिरातीतला ओढण्याचा आकडा बघतात. ५.७ लिटर टंड्राचा तो साधारण १०,००० पौंडांच्या आसपास आहे. पण गाडी आधी अडते ती पेलोडवर, म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर किती वजन घ्यायचं यावर. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं टायरचं स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जायचं नाही, ते त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा मॉडेलचा नसतो, त्या एका गाडीचा असतो. सनरूफ, चामड्याच्या सीटा, फोर-व्हील ड्राइव्ह असं जितकं जास्त, तितका तो आकडा कमी.

समजा स्टिकरवर १,३७५ पौंड आहे आणि तुमचा कॅम्पिंगचा ट्रेलर भरून ७,००० पौंडांचा आहे. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकावर येतो. साडेबारा टक्के धरले तर ८७५ पौंड. आई-बाबा आणि दोन मोठी मुलं मिळून ६२० पौंड. बेरीज १,४९५. हौद्यात अजून एक कूलरही ठेवलेला नाही आणि मर्यादा १२० पौंडांनी ओलांडली. ट्रेलर मात्र ‘१०,००० पौंड ओढते’ या दाव्याच्या कितीतरी आत आहे. म्हणून विकणाऱ्याला पहिला फोन कराल तेव्हा या स्टिकरचा फोटो मागा. हिचच्या चौकोनी नळीजवळही एक स्टिकर असतं. वजन विभागणारा हिच लावून किती आणि न लावता किती, हे त्यावर वेगवेगळं दिलेलं असतं. दुसरा आकडा बराच लहान असतो.

लांबीही आत्ताच मोजा. दुसऱ्या पिढीचा चार मोठ्या दारांचा क्रूमॅक्स सुमारे ५.८१ मीटर लांब आहे. भारतात विकला जाणारा हायलक्स ५.३२५ मीटरचा, म्हणजे क्रूमॅक्स त्याच्यापेक्षा जवळजवळ अर्ध्या मीटरने लांब. वीस फूट खोल गॅरेजमध्ये क्रूमॅक्स जेमतेम बसतो, आणि मागच्या भिंतीला फडताळ असेल तर दार बंदच होत नाही.

व्हिन नंबरवरून पिढी आणि रीकॉल

व्हिन म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. सतरा आकडी-अक्षरी व्हिनमधलं दहावं चिन्ह मॉडेल वर्षाचं. ७ म्हणजे २००७, ए म्हणजे २०१०, ई म्हणजे २०१४, जे म्हणजे २०१८, एन म्हणजे २०२२. तोच व्हिन एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की राहिलेले रीकॉल, म्हणजे दोष निघाल्यामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांची नोंद, फुकटात दिसतात. विकणारा व्हिन द्यायला टाळाटाळ करत असेल तर वेळ घालवू नका.

फ्रेम: टंड्राचं मूळ दुखणं

२००० ते २००३ च्या टंड्रांची फ्रेम इतकी गंजली की २००९ मध्ये सुमारे १,१०,००० गाड्यांचा रीकॉल निघाला. मागची आडवी पट्टी सडून तिथे टांगलेलं स्पेअर चाक रस्त्यावर पडू शकत होतं. प्रकरण तिथे संपलं नाही. २०१६ मध्ये झालेल्या सामूहिक दाव्याच्या तडजोडीत २००७ आणि २००८ चे टंड्राही आले. गाडी पहिल्यांदा विकल्यापासून १२ वर्षं ही त्याची मुदत होती, ती आता संपली आहे. आज फ्रेम सडलेली निघाली तर खर्च पूर्ण तुमचा.

तपासायला लागतं काय? जोरदार टॉर्च, लहान हातोडी, लांब स्क्रूड्रायव्हर, जुना पुठ्ठा आणि चुंबक. पुठ्ठ्यावर पाठ टेकून गाडीखाली जा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली अजिबात जायचं नाही. चाकांवर उभ्या असलेल्या पिकअपखाली पुरेशी जागा असते.

मागून सुरुवात करा. स्पेअर चाकाच्या वरची आडवी पट्टी, मागच्या ॲक्सलच्या वर फ्रेम जिथे वळते तो भाग, आणि पाट्यांच्या स्प्रिंगचं पुढचं टोक जिथे अडकवलेलं असतं ती जागा, या तिन्ही ठिकाणी माती आणि मीठ अडकून राहतं. हातोडीने हलकेच ठोका. धड लोखंड खणखणतं, सडलेलं भद् वाजतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. संशय आला तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. वरवरचा तांबूस गंज जुन्या गाडीला असतोच, त्याला घाबरू नका. थरावर थर सुटत असतील किंवा १० मिलिमीटरचं भोक दिसलं, तर सौदा तिथेच सोडा. टोयोटाने फ्रेम बदलून द्यायला भोकाचा हाच निकष लावला होता. ब्रेकच्या लोखंडी नळ्या फ्रेमला चिकटून जातात, त्यांवरूनही टॉर्च फिरवा.

फ्रेमला ताजा काळा रंग दिसला तर तो अपशकुन समजा. पंधरा वर्षांच्या गाडीला विकण्याच्या आठवड्यात खालून रंग कोण देतं? चुंबक तिथेच कामाला येतं. पुट्टीवर ते चिकटत नाही. टायटलचा, म्हणजे मालकीच्या कागदाचा, इतिहासही बघा. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या भागात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आज गाडी टेक्सासमध्ये विकायला असली तरी आठ हिवाळे तिने क्लीव्हलंडमध्ये काढलेले असू शकतात.

इंजिन, पिढीप्रमाणे

*४.७ लिटर व्ही-८.* पहिल्या पिढीत, आणि दुसऱ्या पिढीत २००९ पर्यंत. यात टायमिंग बेल्ट आहे. तो ९०,००० मैल किंवा ९ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलायचा. मैल कमी आहेत म्हणून बेल्ट बदललाच नाही, असे मालक पुष्कळ भेटतात. पावती नसेल तर बेल्ट जुनाच आहे असं धरा, आणि बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप असं पूर्ण काम किमतीतून वजा करा. फक्त बेल्ट बदलून पंप जुना ठेवला तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. पहिल्या पिढीत खालचे बॉल जॉइंटही बघा. २००४ ते २००६ च्या गाड्यांसाठी त्यांचा रीकॉल निघाला होता. यात चाकाचा भार जॉइंटला ओढत असतो, त्यामुळे तो सुटला की चाक आडवं पडतं. इथे स्वस्तातला पार्ट लावू नका.

*५.७ लिटर व्ही-८, २००७ ते २०२१.* ३८१ अश्वशक्तीचं, टायमिंग चेनचं दणकट इंजिन. शहरात गॅलनला १३ मैल देतं, ते सहन होणार असेल तर जुन्या टंड्रांमध्ये आमची पसंती यालाच. याची तीन दुखणी.

सर्वांत खर्चिक म्हणजे सेकंडरी एअर पंप. थंड इंजिन सुरू झाल्यावर थोडा वेळ हा पंप एक्झॉस्टमध्ये हवा ढकलतो. आत ओल शिरली की झडपा गंजून अडकतात. मग चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबूनही वेग घेत नाही. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना बघायला जायचं आणि ‘आधी सुरू करून ठेवू नका’ असं फोनवरच सांगायचं. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा, वीस-तीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर लावा. पी२४४० किंवा पी२४४२ दिसला तर हाच आजार. कोड एकही नाही, पण स्कॅनर मॉनिटर (गाडी स्वतःच करते त्या उत्सर्जनाच्या चाचण्या) ‘तयार नाहीत’ म्हणत असेल, तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत. पंप बंद करणारी बायपास किट मिळतात, पण ती उत्सर्जन नियमांत बसत नाहीत. कॅलिफोर्नियासारख्या स्मॉग तपासणी असलेल्या राज्यात तर त्या वाटेला जाऊच नका.

दुसरं, इंजिनाच्या वरच्या भागातल्या कॅम टॉवरमधून झिरपणारं तेल. ते गरम एक्झॉस्टवर पडतं आणि गाडी थांबवल्यावर जळका वास येतो. नुसती ओल असेल तर वर्षानुवर्षं चालून जातं. थेंब पडत असतील तर दुरुस्ती महाग आहे, कारण गळणारा सीलंट किरकोळ असला तरी तिथवर पोचायला इंजिनाचा अर्धा वरचा भाग उघडावा लागतो. तिसरं, वॉटर पंपाभोवती गुलाबी खरपुडी. टोयोटाचं कूलंट गुलाबी असतं, ते झिरपून वाळलं की असं दिसतं.

*३.४ लिटर ट्विन-टर्बो व्ही-६, २०२२ पासून.* कारखान्यात इंजिन घडवताना राहिलेला धातूचा कीस मेन बेअरिंगपर्यंत पोचतो आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद पडू शकतं. मे २०२४ मध्ये सुमारे १,०२,००० गाड्यांचा रीकॉल निघाला, त्यात २०२२ आणि २०२३ चे टंड्रा आणि लेक्सस एलएक्स होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी सुमारे १,२७,००० गाड्या आल्या, त्यात २०२४ चे टंड्राही. हायब्रिड दोन्ही वेळा वगळले गेले. इंजिन गेलं तरी विजेच्या मोटरवर ते थोडंफार सरकू शकतात, हा त्यामागचा युक्तिवाद. हायब्रिडचं बेअरिंग वेगळ्या लोखंडाचं नाही, एवढं ध्यानात ठेवा. ‘रीकॉल झालाय’ या तोंडी शब्दावर जाऊ नका. डीलरच्या कागदावर इंजिन बदलल्याची तारीख आणि मैल दोन्ही हवेत.

टायटन घ्यावा का?

पेट्रोलवरचा ५.६ लिटर टायटन नावावर पडला, कामात नाही. फोर्डकडे कॅब, हौदा आणि इंजिनांच्या जोड्यांचा डोंगर होता, निसानकडे मोजक्याच. गिऱ्हाईक आलं नाही म्हणून आज तो त्याच वयाच्या टंड्रापेक्षा बराच स्वस्त मिळतो. २०१७ पासूनच्या गाड्यांना ५ वर्षं किंवा १,००,००० मैलांची वॉरंटी होती, म्हणजे शेवटच्या वर्षांच्या गाड्यांत ती शिल्लक असू शकते.

टायटनच्या पहिल्या पिढीत (२०१५ पर्यंत) थंड इंजिनाची टिकटिक ऐका. इंजिन गरम झाल्यावर ती कमी झाली तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भेग आहे. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ असतील तर ॲक्सलचं सील गेलंय. सुरुवातीच्या वर्षांत वेगात ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर रोटर वाकडे झालेत.

टायटन एक्सडीचं ५ लिटरचं कमिन्स डिझेल, २०१६ ते २०१९, मात्र स्वस्तात मिळालं तरी सोडा. अर्ध्या टनाच्या, म्हणजे नेहमीच्या फुल-साइज पिकअपपेक्षा जड, पाऊण टनाच्या, म्हणजे त्यावरच्या वर्गातल्या पिकअपएवढं ओढत नाही, आणि फार थोड्या गाड्यांत बसलेलं हे इंजिन उघडणारा मेकॅनिक गावोगाव मिळत नाही.

चालवून बघताना आणि कागद करताना

निदान अर्धा तास चालवा, त्यात दहा मिनिटं हायवेवर. काँक्रीटच्या सांध्यांच्या रस्त्यावर दुसऱ्या पिढीचा रिकामा टंड्रा मागून उसळतो. तो बिघाड नाही, त्या फ्रेमचा स्वभाव आहे, पण रोजच्या प्रवासात झेपेल का ते आधीच ठरवा. रिकाम्या मातीच्या जागेवर फोर-हाय आणि फोर-लो हे फोर-व्हील ड्राइव्हचे दोन्ही गिअर लावून बघा. कोरड्या डांबरावर लावून वळवू नका, गिअरवर ताण येतो. वर्षानुवर्षं फोर-व्हील न वापरलेल्या गाडीत ते जोडणारी मोटर अडकलेली असू शकते.

मग लिफ्टवर चढवून त्रयस्थ मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको. टायटलवर बँकेचं कर्ज नोंदलेलं असेल तर ते फिटल्याचं पत्र हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. कॅलिफोर्नियात पिकअपची नोंदणी कमर्शियल म्हणून होते आणि वजनाची वेगळी फी दरवर्षी भरावी लागते, घरगुती वापराची गाडी असली तरी.

गाडी दारात आली की ५.७ मध्ये ०डब्ल्यू-२० ऑइल फिल्टरसह साडेसात लिटर भरा. पुढचा-मागचा डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल बदला, प्रोपेलर शाफ्टच्या निपलना ग्रीस मारा. बर्फाच्या राज्यात राहत असाल तर दर वर्षी ऑक्टोबरच्या आसपास फ्रेम धुऊन, पूर्ण वाळवून, आतून-बाहेरून लॅनोलिनचा (लोकरीतून काढलेल्या मेणाचा) फवारा द्या. रबरासारखं घट्ट काळं कोटिंग करू नका, त्याच्या आत पाणी अडकून फ्रेम न दिसता सडते.