जुन्या चिरेबंदी घराचं होम-स्टे करताय? आधी भिंती बघा

कोकणातलं जुनं घर पाहुण्यांसाठी सजवायला घेतलं की गवंडी पहिल्यांदा सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट सुचवतो. नको म्हणा. या घरांचे चिरे ज्याचे असतात तो जांभा दगड सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून जाते. सिमेंटखाली कोंडली की दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात, लोणा (क्षारांची पांढरी पूड) लागतो आणि खोलीला कुबट वास येतो. तो वास महागड्या पडद्यांनीही जात नाही.

जिथे गिलावा पडलाय तिथे एक भाग विरवलेला (पाण्यात मुरवलेला) चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू घेऊन पातळ थर द्या. आधी भिंत भिजवायची, नंतर चार-पाच दिवस पाणी शिंपडत राहायचं. घाईत वाळला तर तडकतो. वरून चुन्याच्या सफेदीचे तीन-चार पातळ हात. पहिला हात लावताना पाण्यासारखा दिसतो, वाळल्यावर पांढरा उठतो, म्हणून जाड थापू नका. काम दिवाळीनंतर काढा.

कपाटं आणि पलंगाची उशाकडची बाजू भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. चिरे सुबक असतील तर एखादी भिंत उघडीच छान दिसते. वार्निश मात्र मारू नका.