बॉक्सिंगची लढत पाहताना स्वतःचे गुणपत्रक कसे मांडावे

व्यावसायिक बॉक्सिंगवर हिरिरीने बोलणारे लोक आता आपल्या भागातही पुष्कळ झाले आहेत. लास वेगास किंवा रियाधची लढत यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यातला मुलगा मोबाइलवर पाहतो आणि दुपारी पानठेल्यावर तिच्यावरून वादही झडतो. हा वाद मात्र बहुतेक वेळा समालोचकाच्या मतावर किंवा नंतर पाहिलेल्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांवर चालतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्याने फेरीगणिक स्वतः गुण मांडले नाहीत, त्याने निकालाला अन्याय म्हणण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. गुण मांडणे अवघड नाही. त्यासाठी एक वही, एक पेन आणि थोडी शिस्त लागते, आणि ती रीत येथे सविस्तर सांगत आहे.

आपल्याकडच्या प्रेक्षकाची नजर कुस्तीवर तयार झालेली असते. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो आणि फडाभोवतीच्या प्रत्येकाला तो एकाच क्षणी दिसतो; बॉक्सिंगमध्ये नॉकआउट झाला, म्हणजे पडलेला बॉक्सर रेफरीने दहा मोजेपर्यंत उठू शकला नाही, तरच तसे घडते. लढत शेवटच्या फेरीपर्यंत गेली, तर निकाल रिंगच्या तीन बाजूंना बसलेल्या तीन परीक्षकांच्या कागदांवर ठरतो आणि तो जाहीर होईपर्यंत लढणाऱ्यांनाही ठाऊक नसतो. म्हणूनच प्रेक्षकाने चौथा कागद स्वतःजवळ ठेवावा.

प्रथम वेळेचे गणित सांगतो. अमेरिकेत शनिवारी रात्री होणारी मुख्य लढत आपल्याकडे रविवारी सकाळी साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते. लंडन आणि रियाधच्या लढती पहाटे अडीच ते साडेचारच्या सुमारास होतात, तर जपानमधल्या लढती दुपार कलल्यावर. हिवाळ्यात हरभऱ्याला ओलित करण्यासाठी रात्रपाळीच्या विजेची वाट पाहत जागणाऱ्यांना रियाधची वेळ सोयीचीच पडते. हेवीवेट, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटातले, बॉक्सर ऑलेक्झांडर उसिक आणि टायसन फ्युरी यांची तेथली दुसरी लढत 21 डिसेंबर 2024 ची असली, तरी आपल्याकडे ती 22 तारखेच्या पहाटे होती. मोबाइल आधी पूर्ण चार्ज करून ठेवावा, आणि शेतात टॉवर नीट मिळत नसेल, तर लढत नंतर सलग पाहावी; परंतु तोपर्यंत निकाल कानावर येऊ देऊ नये. निकाल कळल्यानंतर मांडलेल्या गुणांना काही किंमत उरत नाही, कारण डोळा नकळत जिंकणाऱ्याचेच ठोसे मोजू लागतो.

वहीच्या पानावर उभे चार रकाने आखावेत. पहिल्यात फेरीचा क्रमांक लिहावा, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात एकेका बॉक्सरचे गुण, आणि चौथा रकाना रुंद ठेवून त्यात कारण लिहावे. कारणाचा रकाना मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. ‘डावा जॅब सतत लागला’ (जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा) किंवा ‘शेवटच्या मिनिटात पोटावर दोन भारी ठोसे’ एवढे चार-पाच शब्द पुरतात, पण ते फेरी संपल्यावर मिळणाऱ्या एका मिनिटातच लिहावे लागतात. पुढची घंटा वाजल्यानंतर मागच्या फेरीचे गुण बदलायचे नाहीत, हा नियम स्वतःवर कडकपणे लादावा, कारण खरा परीक्षकही प्रत्येक फेरीनंतर आपली नोंद देऊन मोकळा होतो.

पुरुषांच्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीत तीन मिनिटांच्या 12 फेऱ्या असतात; महिलांच्या लढतीत सामान्यतः दोन मिनिटांच्या 10. फेरी जिंकणाऱ्याला 10 गुण आणि हरणाऱ्याला बहुधा 9 गुण मिळतात. हरणारा त्या फेरीत एकदा खाली पडला असेल तर 8, दोनदा पडला असेल तर 7. नियमबाह्य प्रकाराबद्दल रेफरीने गुण कापला, तर तो त्या फेरीच्या गुणांतून वजा करावा. दोघांनाही 10 गुण देण्याची मुभा आहे, पण नवख्याने ती वापरू नये. फेरी कितीही बरोबरीची वाटली तरी कोणाकडे तरी कौल देण्याची सवय लागली पाहिजे. पाय सोडून शरीराचा कोणताही भाग ठोशामुळे जमिनीला टेकला की नॉकडाउन धरला जातो, आणि केवळ दोरांच्या आधारामुळे एखादा बॉक्सर उभा राहिला असेल, तर तोही नॉकडाउनच ठरतो.

हा शेवटचा नियम किती मोलाचा आहे, हे उसिक आणि फ्युरी यांच्या मे 2024 मधील पहिल्या लढतीवरून कळते. नवव्या फेरीत उसिकच्या डाव्या हाताच्या ठोशांनी फ्युरी दोरांवर भेलकांडत गेला आणि रेफरीने मोजणी सुरू केली. परीक्षकांचे कागद 115-112 उसिक, 114-113 उसिक आणि 114-113 फ्युरी असे निघाले. आता हे आकडे उलटे सोडवून पाहावेत. नववी फेरी 10-8 धरली, तर उरलेल्या 11 फेऱ्यांपैकी पहिल्या परीक्षकाने उसिकला सहा, दुसऱ्याने पाच आणि तिसऱ्याने चार दिल्या, असा हिशेब बसतो. तीच फेरी मोजणीशिवाय 10-9 अशी सुटली असती, तर 114-113 चा उसिकच्या बाजूचा कागद 114-114 झाला असता आणि लढत बरोबरीत गेली असती. लेनॉक्स लुइसने 1999 मध्ये मिळवल्यानंतर प्रथमच कोणी हेवीवेटचा निर्विवाद, म्हणजे सर्व प्रमुख संघटनांचे किताब एकत्र असलेला, विजेता होणार होता, आणि तो मान त्या मोजणीतल्या एका गुणाने ठरला. गावात या लढतीवर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ही आकडेमोड केलेली असते.

नॉकडाउन झाला म्हणजे फेरीचा प्रश्न सहसा सुटतो. खरी परीक्षा कोणीही न पडलेल्या फेरीची असते. तेथे चार गोष्टी पाहायच्या असतात: स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. या चारांना मी सारखे मानत नाही. स्वच्छ ठोसा आधी, बाकी तिन्ही नंतर, आणि ती तिन्हीही ठोशांच्या हिशेबात दोघे जवळपास सारखे ठरले तरच विचारात घ्यावीत. स्वच्छ ठोसा म्हणजे ग्लोव्हच्या मुठीच्या भागाने चेहऱ्यावर, डोक्याच्या बाजूला किंवा कमरेच्या वर पोट-बरगड्यांवर लागलेला ठोसा. हातांवर किंवा खांद्यावर आदळलेल्या ठोशाचा आवाज मोठा येतो, प्रेक्षक ओरडतात, समालोचकाचा आवाजही चढतो. पण त्याला गुण नाही.

कानेलो अल्वारेझ आणि गेनाडी गोलोव्हकिन यांची 16 सप्टेंबर 2017 ची पहिली लढत या संदर्भात सर्वांनी अभ्यासावी. गोलोव्हकिन सतत पुढे चालत होता, कानेलो बराच वेळ दोरांना पाठ लावून होता. नुसते पुढे चालणे म्हणजे आक्रमण नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु गोलोव्हकिनचा जॅब मधल्या फेऱ्यांत वारंवार लागत होता, त्यामुळे त्याचे पुढे येणे परिणामकारक होते. कानेलोची डोके हलवून ठोसे चुकवण्याची कला अप्रतिम होती, पण चुकवलेल्या ठोशानंतर त्याचा स्वतःचा ठोसा दरवेळी येत नव्हता. माझ्या वहीत गोलोव्हकिन सात फेऱ्या आणि कानेलो पाच, म्हणजे 115-113 असे गुण आहेत. एका परीक्षकाचेही गुण नेमके तेच होते, दुसऱ्याने 114-114 दिले, आणि तिसऱ्या कागदावर कानेलोच्या बाजूने 118-110 होते, म्हणजे गोलोव्हकिनला फक्त दोन फेऱ्या. दोघांत एक-दोन फेऱ्यांचा मतभेद मी समजू शकतो, पण हा तिसरा कागद मला आजही पटत नाही. निकाल बरोबरीचा लागला आणि गोलोव्हकिनच्या हातून त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा विजय निसटला.

फेरीचे तीनही मिनिट सारख्या लक्षाने पाहणे हे बोलायला सोपे, पण करायला अवघड आहे. त्यासाठी एक युक्ती सांगतो. प्रत्येक मिनिट संपताच, ज्याचे पारडे जड वाटले त्याच्या रकान्यात, वहीकडे नजर वळवून नीट बारीक खूण करावी, असे कोणी सांगेल. मी उलट सांगतो की नजर पडद्यावरच राहू द्यावी आणि खूण अंदाजाने करावी, मग ती रेघेबाहेर गेली तरी चालेल. तीन खुणांमुळे शेवटच्या काही सेकंदांच्या झगमगाटाला फेरी विकली जात नाही. शुगर रे लेनर्डने 6 एप्रिल 1987 रोजी मार्व्हिन हॅगलरविरुद्ध फेऱ्यांच्या अखेरीस झपाट्याने ठोशांची सरबत्ती करून हेच साधले होते. ती लढत त्याने 115-113, 113-115 आणि 118-110 अशी, दोन विरुद्ध एक परीक्षकांच्या मताने जिंकली. काहींच्या मते ती चतुराई होती, काहींच्या मते फसवणूक. ती चतुराई होती, यात मला शंका नाही, परंतु प्रेक्षकाने तिला बळी पडू नये.

नजर चेहऱ्यांवर खिळवू नये. ती दोघांच्या छातीच्या पातळीवर ठेवली की हातही दिसतात आणि पायही. उजव्या आणि डावखुऱ्या बॉक्सरची गाठ पडली, तर ज्याचा पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायाच्या बाहेर राहतो, त्याच्या मागच्या हाताला वाट मोकळी होते. उसिक स्वतः डावखुरा आहे आणि त्याचे पाय पाहत राहिले तर ठोसा येण्याआधीच तो कोठून येणार, हे लक्षात येऊ लागते. याच कारणाने मी त्याला आजच्या काळातला सर्वांत अभ्यासण्याजोगा हेवीवेट मानतो. पोटावरच्या ठोशांकडे तर आपल्याकडे कोणाचे लक्षच नसते. यकृत उजव्या बरगडीखाली असते आणि डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, नेमका तेथे बसला, तर शुद्धीवर असलेला माणूसही उठू शकत नाही. बर्नार्ड हॉपकिन्सने ऑस्कर दे ला होयाला सप्टेंबर 2004 मध्ये नवव्या फेरीत असेच खाली बसवले होते.

समालोचनाचा आवाज बंद ठेवावा. चार जण मिळून पाहत असतील, तर बारा फेऱ्या संपेपर्यंत कोणी कोणाला गुण सांगू नयेत.

येथे रेफरीविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ‘एवढ्यात का थांबवली’ अशी ओरड मी फार ऐकतो. नोव्हेंबर 1982 मध्ये कोरियाचा डुक कू किम हा रे मॅन्सिनीविरुद्ध लास वेगासमध्ये चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत मेंदूच्या इजेने मरण पावला. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती 15 वरून 12 फेऱ्यांवर आल्या. मार्च 1990 मध्ये मेल्ड्रिक टेलर दोन परीक्षकांच्या कागदांवर स्पष्ट पुढे असताना खुलिओ सेझार चावेझने त्याला शेवटच्या फेरीत पाडले. टेलर उठला, पण रेफरी रिचर्ड स्टील यांच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही आणि दोन सेकंद उरले असताना लढत थांबवण्यात आली. अनेक चाहते यासाठी स्टील यांना आजही दोष देतात. मी त्यांच्या निर्णयाच्या बाजूने आहे. रेफरीने घड्याळाकडे नव्हे, माणसाच्या डोळ्यांकडे पाहायचे असते. आपणही वहीच्या चौथ्या रकान्यात, ‘पाय डळमळले’ किंवा ‘उत्तरादाखल ठोसा नाही’ अशा नोंदी करत गेलो, तर लढत थांबवण्याची वेळ जवळ आल्याचे आपल्याला आधीच जाणवते.

बॉक्सरबद्दल मत बनवताना पराभवांच्या शून्याला भुलू नये. 30 लढती आणि 30 विजय असे लिहिलेले असते, तेव्हा ते 30 जण कोण होते हे पाहावे, कारण तरुण बॉक्सरचा आकडा फुगवण्यासाठी दुबळे प्रतिस्पर्धी निवडण्याची पद्धत या धंद्यात जुनी आहे. मुहम्मद अली पाच वेळा हरला आणि त्यामुळे तो तसूभरही लहान झाला नाही. नाओया इनोऊला 6 मे 2024 रोजी टोकियो डोममध्ये लुइस नेरीने पहिल्याच फेरीत पाडले. तो घाईने उठला नाही. गुडघ्यावर थांबून त्याने मोजणीचा पुरेपूर उपयोग करून घेतला आणि सहाव्या फेरीत लढत संपवली. त्या आठ सेकंदांत तो कोण आहे ते मला जितके कळले, तितके त्याच्या आधीच्या सोप्या विजयांतून कळले नव्हते.

नागपूरच्या अल्फिया पठाण हिने 2021 मध्ये पोलंडमधील युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकल्यापासून आपल्या जिल्ह्यांतल्या मुलीही ग्लोव्हज घालू लागल्या आहेत. त्यांच्या लढती पाहायला जाल, तेव्हा वही सोबत न्यावी, मात्र तेथे हौशी नियमांप्रमाणे केवळ तीन फेऱ्या आणि पाच परीक्षक असतात, त्यामुळे एका फेरीची चूकही निकाल फिरवू शकते, हे ध्यानात ठेवावे.

सरावासाठी सुरुवात फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डर यांच्या 1 डिसेंबर 2018 च्या लढतीपासून करावी. नववी आणि बारावी फेरी वाइल्डरला 10-8 अशी जाते, त्यामुळे तेथे डोके शिणवावे लागत नाही. उरलेल्या दहा फेऱ्यांतून फ्युरीला किती द्यायच्या, एवढाच प्रश्न आहे. परीक्षकांच्या 115-111, 112-114 आणि 113-113 (पहिला आकडा वाइल्डरचा) या कागदांवरून त्यांनी अनुक्रमे पाच, आठ आणि सात फेऱ्या त्याला दिल्याचे निघते. माझ्या वहीत आठ आहेत. आपला आकडा काढल्यावर ज्या फेऱ्यांत तीनपैकी एकच खूण जास्त होती, तेवढ्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून पुन्हा पाहाव्यात आणि नवे गुण जुन्यांच्या शेजारी वेगळ्या शाईने लिहावेत.